मनोवेगची डावी बाजू

घाटाच्या पायथ्याशी पिवळी पाटी आली की गाडी मंजूळ आवाजात म्हणे, "इथून पुढे आपण," आणि स्टिअरिंग माणसाच्या हवाली करी. सपाटीवर तिला माणसाची गरज उरली नव्हती. साताऱ्यापासून मुंबईपर्यंत गाड्या आपापल्या धावत आणि आत माणसं पत्ते खेळत, भाजी निवडत, घोरत. पण सह्याद्रीच्या घाटात, ऑगस्टातल्या धुक्यात, या शहाण्या गाड्यांचं शहाणपण संपे. समोरचा काळा आकार म्हणजे म्हैस, दरडीचा दगड की नुसतीच सावली, हे त्यांना उमगत नसे, म्हणून त्या सगळ्यापुढेच थांबत. कारवीच्या घाटात एक गाडी एका झुडपासमोर चार तास नम्रपणे उभी राहिली होती. शेवटी सरकारने कायदा केला, की घाटात गाडी माणूसच चालवील.

त्यामुळे धनाजी सपकाळांसारख्या माणसाला उतारवयात पुन्हा भाव आला. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती, त्यातली बहुतेक याच घाटात, आणि कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही आला नव्हता. त्यांची एक सवय साऱ्या आगाराला ठाऊक होती. कंडक्टरची डबल बेल झाली की बाकीचे ड्रायव्हर गाडी हलवत. धनाजीराव डबल बेलनंतरही एक श्वास थांबत, डाव्या आरशात पुन्हा पाहत, आणि मगच निघत. त्या एका श्वासात धावत येणारी कितीतरी माणसं चाकाखाली जायची वाचली होती. आगारात त्याला 'सपकाळांचा दम' म्हणत. शेवटची एकोणीस वर्षं ती बेल मारणारी कंडक्टर त्यांची बायकोच होती. वैजयंताबाईंना ते घरीसुद्धा 'मास्तर' म्हणत, आणि त्या त्यांना 'डायवर'.

आता प्रश्न मास्तरांच्या काळजाचा होता. चैत्रात पहिला झटका येऊन गेला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वेळी तासाच्या आत माझ्या टेबलावर आणा, मी वाचवतो. तासानंतर माझा भरवसा नाही. हवाई रुग्णवाहिका धुक्यात उडत नसे. साताऱ्याहून गाडी बोलवावी, तर जाण्यायेण्यातच अडीच तास. म्हणजे दारात आपली गाडी हवी. वाडीपासून इस्पितळ बासष्ट किलोमीटर, पैकी छत्तीस घाटाचे. धनाजीरावांसारख्या कसलेल्या हातालाही घाटात चाळीसच्या वर जाणं शक्य नव्हतं, आणि त्या हिशोबाने सव्वा तास लागे. वरचा पाव तास कुठून आणायचा, या एका विवंचनेत त्यांचा पावसाळा चालला होता.

म्हणूनच ते दोघं 'झेप' नावाच्या विजेच्या गाडीच्या चाचणी केंद्रावर आले होते. झेपची दोन मॉडेलं होती. साधी झेप, आणि तिच्या दीडपट किमतीची वरची, झेप मनोवेग. मोटर तीच, बॅटरी तीच, पण मनोवेग तोच घाट साठच्या वेगाने सुखरूप चढे, आणि वाडी ते इस्पितळ छप्पन्न मिनिटांत होई. पैशांचं मुलाने मनावर घेतलं होतं. धनाजीरावांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मोटर तीच असून गाडी जास्त पळते कशी.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नीलाक्षी ओगले यांना हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक फार आवडलं. बाई मेंदूच्या अभ्यासक. त्यांनी विचारलं, घाटात चाळीसच्या वर का जात नाही? धनाजीराव म्हणाले, वळणापलीकडचं दिसत नाही म्हणून. बाई खूश झाल्या. वळणावर साधारण पंचवीस मीटर रस्ता दिसतो, त्यांनी समजावलं. तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. चाळीसच्या वेगाला ब्रेक लागल्यावर गाडी आठ-नऊ मीटरांत उभी राहते. उरलेले सोळा मीटर जातात कशात? तर डोळ्यांनी पाहिलेलं मनाला पटून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदात. म्हणजे घाटात गाडी हळू चालते ती मोटरीमुळे नाही, माणसामुळे.

"आणि गंमत अशी," बाई म्हणाल्या, "की तुमच्या मेंदूला ते फार आधी कळलेलं असतं. तुम्ही 'ब्रेक मारू' असं ठरवता, त्याच्या कितीतरी आधी मेंदूत एक लाट उठते. तिला आम्ही पूर्वतरंग म्हणतो. तुम्हाला स्वतःला पत्ताही नसतो, आणि आत तयारी सुरू झालेली असते. मनोवेगच्या सीटची उशी तुमच्या डोक्यामागून ती लाट वाचते आणि गाडी तिचं ऐकते. तुमची वाट पाहत नाही."

धनाजीरावांनी उशीला हात लावून पाहिला. माणसाचं डोकं आणि यंत्राची चपळाई यांची अशी मोट बांधणारी ही बाई त्यांना एकदम थोर वाटली, आणि तसं ते बोलूनही गेले.

चाचणी जुन्या, बंद झालेल्या घाटरस्त्यावर होती. गाडीत पुढे जे माणूस नेहमी बसणार, तेही सोबत हवं असा नियम होता, म्हणून वैजयंताबाई डावीकडे बसल्या. सकाळी साध्या मॉडेलवर फेऱ्या झाल्या, दुपारी मनोवेगवर. वळणावळणांवर रबरी म्हशी, फोमचे दगड अचानक पुढे येत.

मनोवेगच्या पहिल्या वळणालाच धनाजीरावांच्या अंगावर काटा आला. म्हैस दिसली असं वाटेपर्यंत गाडी उभी होती. पाय जागचा हलला नव्हता. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, वेगाचा काटा साठवर, आणि गाडी हरणासारखी हलकी. हा घाट त्यांनी आयुष्यभर दबकत, फुंकर घालत चढला होता. आज तो त्यांच्यापुढे मऊ झाला होता. साठीतल्या माणसाला पंचविशीतले डोळे, हात आणि उमेद कुणी परत दिली, तर त्याला कसं वाटेल? धनाजीराव चक्क हसत होते. "डायवर, पगार वाढवून मागा," वैजयंताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वळणावर, अगदी नाकासमोर, रस्त्याच्या मधोमध फोमचा दगड उभा राहिला. इतक्या जवळ थांबणं शक्यच नव्हतं. गाडी सपकन उजवीकडे वळली आणि दगड वैजयंताबाईंच्या दारावर आदळून फुटला. फोमच्या भुग्याने त्यांची काच पांढरी झाली. त्या हसत म्हणाल्या, लागलं नाही काही, खोटा दगड आहे. धनाजीराव मात्र हसले नाहीत. सकाळी साध्या मॉडेलवर हाच दगड कितीदा तरी असाच आडवा आला होता. दर वेळी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवून तो आपल्या दारावर घेतला होता.

चहाच्या निमित्ताने ते एकटेच डॉ. ओगल्यांच्या खोलीत गेले आणि थेट विचारलं, की दुपारी गाडी उलटी का वळली. बाईंनी पडद्यावर दोन आलेख काढले.

"गाडी उलटी वळली नाही, सपकाळसाहेब. सकाळचा आलेख बघा, चाचणीपुरती साध्या गाडीतही हीच उशी लावली होती. अकरा वेळा दगड आला. अकराही वेळा पहिली लाट उजवीकडचीच आहे. स्वतःचं अंग दगडापासून दूर न्यायचं. त्यानंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ही दुसरी लाट येते आणि पहिलीला रद्द करते. मग तुमचे हात डावीकडे जातात. मधल्या या जागेला आम्ही फेरविचाराची फट म्हणतो. मनोवेग वेगवान आहे, कारण ती या फटीसाठी थांबत नाही."

धनाजीरावांना कुणी तोंडात मारावी तसं झालं. एकतीस वर्षं जी गोष्ट आपला स्वभाव म्हणून त्यांनी मिरवली, ती दुसऱ्या लाटेची होती. पहिल्या लाटेत मास्तर नव्हत्याच. तिथे फक्त धनाजी सपकाळ होता.

त्यांनी विचारलं, मग ब्रेक पहिल्या लाटेने लावा आणि चाक दुसरीवर ठेवा, होत नाही का? बाईंनी मान हलवली. पहिल्या लाटेत ब्रेक आणि चाक एकात एक गुंतलेले असतात. सोडवायला जावं तर गाडी सरळ दगडात जाते. दोन वर्षं त्याच्यावर घालवली होती त्यांनी. मग गरजेपुरता मनोवेग चालू आणि एरवी बंद? तेही नाही. मेंदू गोंधळतो आणि दोन्हीकडून पंचाईत होते. फार तर हळू चालवावी. चाळीसच्या वेगाला ती कशालाही न घासता थांबते.

"मी चारशे माणसं तपासली आहेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मांडीवर पोर घेतलेल्या आया तपासल्या. स्वतःला तपासलं. पहिली लाट सगळ्यांची एकच असते, तिची लाज बाळगू नका. दुसरी मात्र ज्याची त्याची असते. कुणाला ती कधी येते, कधी येत नाही. अकरापैकी अकरा वेळा आलेली मी आजवर पाहिली नव्हती. तुमचा आलेख मी विद्यार्थ्यांना दाखवणार आहे."

ते कौतुक खरं होतं आणि नेमकं त्याचंच त्यांना ओझं झालं. हिशोब साधा होता. नाकासमोर दगड येणं घाटात दहा वर्षांतून एखाद्या वेळचं. काळजाचा झटका बहुधा येणारच. मास्तरांचा जीव वाचवायचा तर मनोवेगच घ्यायला हवी, आणि मनोवेग घेतली तर दम सोडायला हवा.

बाहेर येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वैजयंताबाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"मंग मी तुमच्या मागं बसंन," त्या म्हणाल्या. "उजवीकडं. तुमी सोताला वाचवलं की मीबी वाचले."

इतक्या सोप्या उपायावर धनाजीरावांना हसूच आलं. काय डोकं या बाईचं! त्यांच्या जिवात जीव आला, आणि त्याच दिवशी मनोवेग बुक झाली.

पुढे दोन महिने गाडीच्या डाव्या बाजूला कुणी बसलं नाही. वाडीतल्या कुणाला न्यायचंच झालं, तर धनाजीराव पस्तीसच्या वेगाने रमतगमत जात. एवढी भारी गाडी आणि चाल बैलगाडीची, म्हणून लोक चेष्टा करत. ते ऐकून घेत.

दुसरा झटका सप्टेंबरात आला, दुपारी पावणेदोनला. वैजयंताबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या, तिथेच कलंडल्या. वाडीची आशा सेविका ऋतुजा शेजारीच राही. चोवीस वर्षांची मुलगी. ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन पळतच आली, दोन वर्षांचं पोर सासूच्या कडेवर टाकून. पेशंटला आडवं करू नका, मी टेकू देऊन धरते, मास्क सुटता कामा नये, असं म्हणत तिने वैजयंताबाईंना मागे उजवीकडे बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या बाजूला बसली. दुसरी जागाच नव्हती. धनाजीरावांनी आरशात एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी साठवर नेली.

धुकं दाट होतं. गाडी देखणी चालली. कुठे थांबली, कुठे सुटली, त्यांना आठवतही नव्हतं. एका वळणावर मात्र ती हातभर उजवीकडे झुकली आणि डावीकडून काहीतरी करकरत गेलं. ऋतुजाने मास्कवरचा हात काढला नाही. पंचावन्नाव्या मिनिटाला वैजयंताबाई टेबलावर होत्या.

गाडी लावताना त्यांनी पाहिलं. मागच्या डाव्या दारावर, खिडकीच्या जरा खाली, लांबलचक खोल ओरखडा होता. त्यात झाडाची साल अडकली होती.

तिसऱ्या दिवशी वैजयंताबाई उशीला टेकून बसल्या. डॉक्टर गाडीची तारीफ करून गेले, आणि ड्रायव्हरची त्याहून जास्त. खोलीत दोघंच उरल्यावर त्यांनी विचारलं, "डायवर, डावीकडं कोन हुतं?"

"ऋतुजा."

"तिला म्हाईत हुतं?"

"न्हाय."

वैजयंताबाई म्हणाल्या, तिला सांगायला पाहिजे. धनाजीराव म्हणाले, व्हय, सांगायलाच पाहिजे. दोघांचंही एकमत झालं.

चारच्या सुमारास ऋतुजा डबा घेऊन आली. काकींचा रंग बघून तिचा चेहरा खुलला. "काका, काय गाडी हाय," ती म्हणाली. "वाडीत समद्यांना सांगितलंय मी. पुढच्या टायमाला रात्र असू दे, पाऊस असू दे, मलाच हाक मारायची. दुसऱ्या कुनाला मास्क धरता येत न्हाय."

धनाजीरावांच्या ओठावर आलं होतं. वैजयंताबाईंनी तर तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दोघांची नजरानजर झाली. डॉक्टर म्हणाले होते, तिसरा झटका येऊ शकतो. तेव्हा साठच्या वेगाला, मास्क धरून, कुणाला तरी डावीकडे बसावं लागेल.

"बस की गं, उभी का?" वैजयंताबाई म्हणाल्या. "पोर कसं हाय तुजं?"