विरुद्ध पार्टीचा पोरगा

विरुद्ध पार्टीच्या पोराने आपल्यासाठी एसटीत जागा धरून ठेवावी, ही कुठली रीत? दामिनीच्या डोक्यात याच गोष्टीने तिडीक जायची. कोर्टातल्या पेशीच्या दिवशी अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली रे लागली, की देवीदास भाजीवाल्याचा शिवम खिडकीतून रुमाल टाकून मोकळा! खिडकीजवळची सीट हिच्यासाठी, आणि स्वतः दांडीला लोंबकळत उभा. वरून हसणार.

दुश्मनी करायची तर माणसाने नीट करावी. वऱ्हाडात बांधावरून भांडण झालं तर नातवंडंसुद्धा एकमेकांच्या लग्नात जेवत नाहीत. आणि हा शहाणा...

पहिल्या दिवशी तर तिला ठाऊकही नव्हतं तो कोण ते. तिचे बाबा खुशालराव आदल्या दिवशीच वकिलाला भेटायला अकोल्याला गेले होते आणि बी.पी.च्या गोळ्या घरीच विसरले होते. आई वच्छलाबाईचे हात शेवंतीच्या तोडणीत अडकलेले. मग दामिनीच निघाली. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात डबा, अंगाला शेवंतीचा वास. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि एक उंच, काळासावळा पोरगा आपला रुमाल उचलून म्हणतो,

"बसा. तुमच्यासाठीच ठेवली."

"मी सांगतलं होतं काय ठेवाले?"

"नाही... पण तुमचे दोनी हात भरले हायेत. माह्ये रिकामे हायेत."

"मंग दांडी धरा. पडसान."

तो हसला. तीही हसली असती, पण अनोळखी माणसासमोर दात दाखवायची तिच्या घरची पद्धत नव्हती. तिने तोंड खिडकीकडे केलं. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंग मिलकडे चालल्या होत्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस असा लटकला होता, जशी काही झाडंच पिकली.

मूर्तिजापूरला त्याने चहा आणून दिला.

"फुलाचा धंदा हाय वाट्टे?"

"काहून?"

"आज पह्यल्यांदा या गाडीत डिझेलचा वास नाही आला मले."

चहा गरम होता, म्हणून तिचे कान लाल झाले. दुसरं काही नाही.

अकोल्याला उतरल्यावर ती चालू लागली, तर हा मागे. वळण घेतलं, तरी मागेच. कोर्टाच्या फाटकात ती गर्रकन वळली.

"मागं मागं काहून येऊन राहिले तुमी?"

"मले बी इथंच या लागते..." त्याचा चेहरा उतरला. "तुमी कोनाच्या?"

तिला उत्तर द्यायची पाळीच आली नाही. व्हरांड्यातून देवीदासचा आवाज आला, भर बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारावी तसा. "शिवम! त्या चोराच्या पोरीपाशी काय उभा हायस? इकडं ये!"

चोराची पोरगी. तिच्या हातातला डबा कलंडला, आतली भाजी सांडून फडक्याला पिवळा डाग पडला. शिवम मान खाली घालून गेला. तो डाग तिने घरी किती घासला, पण हळद कुठे जाते?

चोरी काय होती, तेही ऐका. खुशालरावांच्या बागेतली फुलं आणि देवीदासची भाजी अमरावतीच्या बाजारात शेजारी शेजारी विकली जायची; पोरं मात्र कधी दुकानावर नसायची. दोघे आणि आणखी दोन दुकानदार, अशा चौघांनी मिळून अकोल्याजवळ, बार्शीटाकळी रोडवर, काळी जमीन घेतली. प्लॉट पाडायचे, लेआऊट टाकायचा, बसून खायचं. पण शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी लागतो, आणि चौघांत सातबारा होता फक्त खुशालरावांचा. म्हणून जमीन त्यांच्या एकट्याच्या नावाने झाली. "आपल्यात काय लेखी करायचं," म्हणून चौघांनी बेलाचं पान हातात घेऊन शपथ खाल्ली आणि पेढे वाटले. पुढे निघालं काय, तर अर्धी जमीन नाल्याच्या पूररेषेत. परवानगी मिळेना, प्लॉट विकले जाईनात, पैसा मातीत. तेव्हा तिघांना अचानक आठवलं की कागदावर नाव एकट्या खुशालरावांचंच आहे! दावा लागला. म्हणे, आमच्यापासून कागद लपवले, आम्हाला फसवलं, पैसे परत द्या. कोर्टात हे ठरलं, की पुढे पोलिसात गुन्हा.

तेव्हापासून त्या घरात भीती पाहुण्यासारखी येऊन बसली आणि उठायचं नावच घेईना. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की खुशालरावांच्या हातातला घास हातातच. "पाह्य वं दामिनी, कोन हाय?" पोलीस नसायचे. कधी दूधवाला, कधी हार न्यायला आलेला कोणी. पण बाबांचा चेहरा पाहून दामिनी पुन्हा एकदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून यायची.

आणि याच दिवसांत, या पोरीच्या मनाने काय खुळचटपणा करावा? पेशीची वाट पाहावी! ज्या दिवसाच्या नावाने बाप थरथरतो, त्या दिवशी ही वेणीत फूल माळताना आरशात दोनदा पाहते. स्वतःचीच लाज वाटून फूल काढून ठेवते... आणि पुन्हा माळते.

आता बाबा सोबत असायचे. देवीदास मात्र आधीच्या गाडीने पुढे गेलेला असायचा. त्यांनी पहिल्यांदा तो रुमाल पाहिला आणि म्हणाले, "देवीदासच्या पोट्ट्याच्या हातची जागा मले नाही पाह्यजे." ते उभे राहिले. बाप उभा, तर लेक कशी बसणार? शिवमही उभाच. रिकाम्या सीटवर एक म्हातारी आपली कोंबडी घेऊन बसली आणि तिघांकडे वेड्यासारखी पाहत राहिली.

बाबा पुढे दाराजवळ गेले, की मागून हळूच आवाज यायचा.

"त्या दिवशी बाबा बोलले... त्याच्यासाठी माफी."

"तुमाले तोंड हाय म्हनजे! मले वाटलं, फक्त रुमालच हाय."

"तुमच्यासमोर चालत नाही ते तोंड."

"कोनासमोर चालते मंग?"

"...कोनासमोरच नाही."

तो खरं बोलला होता. पण तिला ते तेव्हा कळलं नाही. ती त्याच्या पापण्या पाहत होती. आणि मधूनच तिला धस्स व्हायचं — हा गोड बोलून आपल्या घरातलं काढत तर नसेल? आपण आता काय बोललो? बाबांचं काही तर नाही ना निघालं तोंडून? गाडी बोरगावच्या पुढे गेली, की ती बोललेला एकेक शब्द मनात उलटा करून पाहायची, जशी बाई तांदळातला खडा शोधते.

खडा निघालाच. वकिलाने खुशालरावांना समोर बसवून सांगितलं. देवीदासने आपल्या मुलाचं शपथपत्र टाकलंय. जमिनीच्या नोंदणीच्या दिवशी मुलगा सोबत होता. मुलगा म्हणतो, खुशालरावांनी कागद कुणाला दाखवलेच नाहीत, सगळ्यांची नावं टाकली असं खोटं सांगितलं. पुढच्या पेशीला त्याची उलटतपासणी.

खुशालरावांनी फक्त पाणी मागितलं, आणि तो ग्लास दामिनीला धरावा लागला.

त्या पेशीला गाडीत रुमाल होता. बाबा पुढे दाराजवळ जाताच दामिनीने तो उचलला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

"सही तुही हाय?" 'तुमी' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"हाय."

"वाचलं होतं?"

"बाबा समोर बसले होते... वकील म्हने, इथं कर... मी..."

"वाचलं होतं काय, ते इचारून राहिली मी."

"वाचलं होतं."

"माह्या बाबाले जेलात धाडशील, अन् मले खिडकीपाशी बसवशील. असंच ना?"

तो मागे सरकून अकोल्यापर्यंत दांडी धरून उभा राहिला. तिच्या बोटांनी सीटचं लोखंड असं घट्ट धरलेलं, की उतरताना ती सोडवायला वेळ लागला.

कोर्टात पंखा किरकिर करत होता. देवीदास पहिल्या बाकावर मांडी घालून, जणू घरचाच ओटा. शिवम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याने बापाकडे पाहिलं. मग पायांकडे. दामिनीकडे पाहिलंच नाही. झालं, तिच्या मनाने म्हटलं. संपलं. तिने बाबांचा हात धरला.

बाबांचे वकील उठले. "या शपथपत्रावर सही तुमची आहे?"

"हो."

"नोंदणीच्या दिवशी खुशालरावांनी कागद लपवले, हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

शिवमने पिंजऱ्याची दांडी धरली. पायांकडे पाहतच काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले.

"नाही साहेब." आवाज फाटला होता. "काकांनी काही लपवलं नाही. काका म्हणत होते, चौघांचं काहीतरी लेखी करू. माझ्याच बाबांनी म्हटलं, सातबारा तुमचा, नाव तुमचंच टाका, लेखी कशाला. मी पायरीवर पेढ्याचा बॉक्स धरून उभा होतो. सगळ्यांनी कागद पाहिला. मग पेढे खाल्ले."

"आणि शपथपत्रात लिहिलंय ते?"

"ते खोटं आहे. मी भ्यालो होतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "शपथेवर खोटं लिहून दिल्याची शिक्षा माहीत आहे तुम्हाला?"

"आत्ता माहीत झाली साहेब."

दामिनीच्या छातीतून इतके महिने बसलेला दगड सरकला... आणि सरकून तिथेच शेजारी पडला. कारण तीच भीती आता त्या पिंजऱ्यात जाऊन उभी होती, तिच्या बापाऐवजी शिवमच्या खांद्यावर हात ठेवून. कोर्टाने त्याचं काय करायचं ते पुढच्या पेशीवर ठेवलं. देवीदास उठला, पोराजवळून जाताना थांबला. "घरात पाय ठेवू नको माह्या," एवढंच बोलला आणि गेला.

बाहेर उन्हं उतरली होती. शिवम कडुनिंबाखालच्या पारावर एकटाच बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. खुशालराव दुरून पाहत होते. मग म्हणाले, "पोट्टं सकाळपासून जेवलं काय, पाह्य."

दामिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दामिनी... मले तू... म्हनजे मी तुह्याशिवाय..."

"पुरं बोल."

"मले तू लय आवडतेस," तो म्हणाला, आणि पिंजऱ्यात भ्याला नव्हता इतका भ्याला.

तिने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, बाजारात भाव ठरवताना पाहतात तसं. मग बोलली, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"आता माहं आयक. तू भेकड हायस शिवम. बापाच्या भेवानं खोट्यावर सही केली, अन् वरून माह्यासंग हासत राहिला. हे मी जल्मभर इसरनार नाही, अन् तुले बी इसरू देनार नाही. पन आज पाय लटपटत असताना खरं बोललास, ते बी माह्या डोयानं पाह्यलं. वकील आपन बाबाचाच लावू. शिक्षा झाली तर डबा मी आनीन, नाही झाली तर मांगनी घालाले तू येशील. तुह्या सहीवर माहा भरोसा नाही, तुह्यावर हाय. आता ऊठ, बाबा जेवाचे थांबले हायेत."