काळ्या टाकीवरचे ओरखडे

“अहो, चादर ओढू नका! ...उचला, वर उचला!”

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे असं होतं. तेही ओरडून.

डिसेंबरातली दुपार, तरी कोपर गावातल्या त्या रस्त्यावर ऊन चांगलं चटकत होतं. मला बाइक चालवता येत नाही, म्हणून दादाची काळी बाइक ढकलत ढकलत मी एका पेंटरकडे निघाले होते. वर जुनी चादर घातलेली, कोणी बघू नये म्हणून. दम लागला तेव्हा एका पत्र्याच्या शेडच्या सावलीत गाडी लावली आणि तोंडावरचा घाम पुसायला त्याच चादरीचं टोक ओढलं.

शेडमधून तो धावतच आला. दुमडलेल्या बाह्या, हातात पिवळं फडकं.

“चादरीवर धूळ असते. ओढली की तीच टाकीवर घासते,” म्हणत त्याने चादर दोन्ही हातांनी अलगद उचलली.

टाकीवर गोल गोल ओरखडे होते. शेकडो. उन्हात चांगले लखलखत होते.

“हे कोणी केलं?”

मी केलं होतं. माझा भाऊ विनीत बोटीवर नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी घरी यायचा होता. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याच्या गाडीवर कबुतरांची घाण वाळून बसलेली. त्याला खूश करायचं म्हणून मी भांड्यांचा साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि अर्धा तास मन लावून घासलं. पाणी वाळल्यावर जे दिसलं ते बघून जिन्यात बसून रडले.

“ज्याने कोणी केलंय ना,” तो टाकीवर वाकून म्हणाला, “त्याला अक्कल नाय. सॉरी, पण खरंच नाय.”

माझ्या गळ्यात अजून दुकानाचं ओळखपत्र लटकत होतं. ठाण्याला मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काच शर्टाने पुसू नका, मऊ कापड वापरा, हे दिवसातून वीस वेळा गिऱ्हाइकांना सांगते. त्याने ते कार्ड वाचलं, “क्षिप्रा...” मग वर पाहिलं. डोळे इतके हसरे होते की त्या डोळ्यांपुढे मला बेअक्कल ठरायचं नव्हतं.

“आमच्याकडे कामाला येतात ना, शांताबाई... त्यांनी धुतली,” मी म्हणाले.

किती सहज निघालं तोंडातून!

“शांताबाई? शाळेच्या मागे राहतात त्या?”

मी मान हलवली. त्याचा चेहरा जरा उतरला.

त्याचं नाव धनेश. इथल्याच गावातला. वडिलांच्या जागेत शेड टाकून गाड्या धुवायचा, पॉलिश करायचा.

“नख फिरवून बघा,” तो म्हणाला. “ओरखड्यात अडकतंय?”

मी हळूच नख फिरवलं. “नाही.”

“मग निघेल. अडकलं असतं तर रंगच द्यावा लागला असता.”

त्याचं बोट माझ्या बोटाशेजारी टाकीवर टेकलेलं. दोघांनीही ते लगेच उचललं नाही...

मग रोज संध्याकाळी कामावरून सुटले की मी घरी न जाता शेडवर जायला लागले. गाडी बघायला — असं आईला सांगायचे.

“दोन बादल्या कशाला?” मी विचारलं.

“एकीत शॅम्पू, एकीत फडकं खळबळायला साधं पाणी. नायतर काढलेली माती परत गाडीवर. आणि कबुतराची घाण भिजवायची, मऊ होऊ द्यायची. घासायची नाय.”

मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मी लक्ष देऊन ऐकतेय.

तिसऱ्या दिवशी अहो-जाहो गेलं. त्याने माझ्या हातात मऊ फडकं आणि बोटभर मेण दिलं.

“जोर नको लावू. माया लाव.”

“कोणाला?”

“...गाडीला. गाडीलाच म्हटलं मी.”

त्याचे कान लाल झाले. मी हसले. पॉलिशचं मशीन फिरलं तसा टाकीचा एक-एक भाग पुन्हा गर्द काळा होत गेला, आणि त्या काळ्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसायला लागलो. त्या चार-पाच दिवसांत शांताबाईंचं नाव माझ्या मनातही आलं नाही. आज हे लिहितानाही त्याची शरम वाटते.

सहाव्या दिवशी सकाळी शांताबाई आमच्या मोरीत भांडी घासत होत्या. नेहमी बडबडतात, त्या दिवशी गप्प.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“धनेशच्या गॅरेजची झाडलोट होती ना माझ्याकडे, ती गेली, ताई. म्हणाला, उद्यापासून नका येऊ, गाड्यांना हात लावाल. तीन वर्षांत एका गाडीला बोट लावलं नाही मी. काय चुकलं तेच कळेना.”

ज्या शेडमध्ये मी रोज खिदळत होते, तिथून यांना मी काढलं होतं.

“शांताबाई... मी तुमचं नाव सांगितलं त्याला. गाडी मी खराब केली, आणि सांगितलं की तुम्ही केली.”

त्यांनी नळ बंद केला. “माझं का?”

“तोंडात पहिलं तुमचंच आलं.”

बोलले आणि माझं मलाच ते किती वाईट आहे ते ऐकू आलं. शांताबाईंनी पदराला हात पुसले, अर्धी भांडी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि गेल्या. दारसुद्धा आपटलं नाही त्यांनी. आपटायला हवं होतं.

मी कामावर न जाता तडक शेडवर गेले. धनेश शेवटचा हात फिरवत होता. टाकी आरशासारखी.

“बघ, झाली तुझी—”

“ती मी घासली होती. तारेच्या घासणीने. शांताबाईंनी नाही.”

मला वाटत होतं, ओरडावं त्याने. तो स्टुलावर बसला, फडक्याची घडी करत राहिला.

“मी काकींना विचारलं पण नाय,” शेवटी तो म्हणाला. “लहानपणापासून ओळखतात मला. एक शब्द विचारायचा तर... तू सांगितलंस आणि मी मानलं. तू सांगितलंस म्हणूनच मानलं, हे आणखी वाईट.”

“चल माझ्यासोबत,” मी म्हणाले. “एकटीने जायची हिंमत नाही माझी.”

शांताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. आम्ही उंबऱ्याबाहेरच उभे राहिलो. मी माफी मागितली, सगळं पुन्हा एकदा, त्याच्यासमोर. शेजारच्या दोन बायका ऐकत होत्या, तरी आवाज खाली केला नाही.

“काकी, माझं पण चुकलं,” धनेश म्हणाला. “या ना परत.”

त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. “येईन. पण झाडू मारायला नाही. ते पॉलिशचं काम शिकव मला. बघू दे, माझ्या हाताने गाडी खराब होते का.”

“शिकवतो.”

“आणि ताई, तुमची भांडी उद्या घासेन. आजची तुम्ही घासा.”

“घासते,” मी म्हणाले.

परत येताना वळणावर तो थांबला.

“आज खरं बोलायचाच दिवस आहे तर... माझं पण एक आहे. गाडीचं काम दोन दिवसांचं होतं. मी सहा लावले.”

“का?”

“पॉलिश झालं असतं तर तू गाडी घेऊन गेली असतीस.”

सकाळपासून शरमेने जळत असलेले माझे गाल आणखी तापले, पण या वेळी मला मान खाली घालावीशी वाटली नाही.

“माझं खोटं कळल्यावरही...?”

“राग आहे अजून,” तो म्हणाला. “पण तू आवडतेस, ते काय रागाने जात नाय.”

“गाडी आज नेते मी. दादाला फोन करून सगळं सांगणार आहे.” मी एक श्वास घेतला. “...आणि उद्या येते. नुसतीच.”