ठेवायचं का फेकायचं?

"हे घर सोडा, दुसरं पाहा!" दारात आडवा उभा राहून अश्वजित म्हणाला, आणि तेही सख्ख्या बहिणीकडे न बघता, तिच्या मागे घमेलं घेऊन उभ्या असलेल्या रत्नदीपकडे बघून!

कमलानं हातातलं फावडं मात्र खाली ठेवलं नाही. सेलूच्या विहारातल्या बाया आणि रत्नदीपसारखी माणसं जमवून, पूर ओसरलेल्या या वस्तीतली घरं ती कालपासून ओळीनं साफ करत आली होती, आणि ओळीत आता भावाचं घर आलं होतं.

आई-बाप गेले तेव्हा हा अश्वजित केवढासा होता! शिलाई मशीनवर ब्लाउज शिवशिवून तिनं त्याला शाळामास्तर केलं, त्याचं लग्न लावलं, हे घर उभं केलं. स्वतःला आलेली स्थळं मात्र एकेक करून परत पाठवली. आणि बेचाळिसाव्या वर्षी तिनं प्रेमदाससारख्या भल्या विधुराचा हात धरला, तेव्हा याच दारात तो गरजला होता, "या वयात लगन? लोकाईले काय तोंड दाखवू मी? त्या माणसाले घेऊन या घरात पाय नको ठेवजो!" तेव्हापासून अबोला. वा रे मास्तर! तिला स्वतःसाठी काही नको होतं; आपल्या माणसाला या घरानं एकदा 'भाऊजी' म्हणावं, एवढीच आस तिनं उरात जपली होती. आज प्रेमदास पाण्याचा टँकर घेऊन आला होता खरा, पण थांबला होता दूर, रस्त्यावरच.

"काळ्या मातीचा गाळ हाय, मास्तर," रत्नदीप म्हणाला. "उद्या वाळला तं खोदाले सब्बल लागन."

"येऊ द्या न हो ताईले!" आतून अश्वजितची बायको मेघा रडवेली होऊन ओरडली. "माह्या एकटीनं नाई होऊन राह्यलं!"

तो बाजूला झाला.

कमलाच्या टोळीचा एक दंडक होता. वस्तू कितीही नासलेली असो, घरधन्याला विचारल्याशिवाय फेकायची नाही. दारात आणून दाखवायची नि विचारायचं. सारं वाहून गेलेल्या माणसाचा शब्द तरी त्याच्याच घरात चालावा, असं तिचं म्हणणं.

"गादी... ठेवायचं का फेकायचं?" रत्नदीपनं विचारलं.

"फेका."

"टीव्ही?"

"फेका."

आत गुडघाभर गाळात उभी कमला ऐकत होती. भावाचा आवाज दर वस्तूगणिक खाली खाली चालला होता, आणि इतका राग असूनही तिचा जीव तुटत होता.

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात तिचा हात कशाला तरी अडला. चाक! तिनं भराभरा चिखल निपटला... तिचीच मशीन! हा तर कधीच भंगारात देऊन मोकळा झाला असेल, असं ती समजत होती. खाली पाट, वर मेणकापड... किती जपून ठेवली होती मेल्यानं!

रत्नदीपला हात लावायला सांगून तिनं मशीन दारात आणली, आणि इतक्या वर्षांनी भावाच्या डोळ्याला डोळा भिडवून, ताठ मानेनं विचारलं, "ठेवायचं का फेकायचं?"

अश्वजितनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"हे मले नको विचारू, ताई... याच मशीनचं खाऊन मी मोठा झालो. खरी घरधनीण तं तूच हायेस. तूच सांग..." आणि त्याला हुंदका आवरेना. "अन् मले? मले ठेवतं का फेकतं, ताई?"

"रडून काऊन राह्यला, येड्या!" कमलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाजातला रुबाब तसाच होता. "घरचं माणूस फेकते का कोणी? धर तिकडून, जड हाय. चिखल धुवून तेल पाजलं का धावन ते अजून!"

मशीन ओट्यावर टेकली. धुवायला पाणी हवं होतं. रत्नदीप निघाला, तसं अश्वजितनं त्याला हातानं थांबवलं, आणि तोच चिखलानं भरलेल्या पायांनी रस्त्यापर्यंत गेला. टँकरपाशी अवघडून उभ्या असलेल्या प्रेमदाससमोर त्यानं हात जोडले, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

"भाऊजी, बाहेर काऊन उभे? चला, घरात चला!"