डोळ्यांवर बटाटे

डेयानला मी पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच क्षणी त्याला दोन दिवसांपुरतं आंधळं करून टाकलं. प्रेमाची सुरुवात म्हणून हे फारसं सांगण्यासारखं नाही. पण झालं ते असं झालं.

फेब्रुवारीतली, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याच्या अखेरची, सकाळ होती. पोर्ट केम्बलाच्या आमच्या वर्कशॉपचे मोठे दरवाजे उघडे होते आणि समुद्रावरून खारट, दमट वारा आत येत होता. मी एका आडव्या पडलेल्या टाकीच्या पाठीवर बसून तिला कान जोडत होते. कान म्हणजे जाड लोखंडी पट्ट्या, मधे भोक असलेल्या. त्यांत आकडा अडकवून क्रेन अख्खी टाकी उचलते.

आमच्याकडे सगळ्या नियमांच्या वरचा एक नियम आहे. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवण्याआधी मोठ्याने ओरडायचं, “डोळे!” म्हणजे आसपासची माणसं तोंड फिरवतात. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहायचा नसतो. चार वर्षांत मी हे इतक्यांदा ओरडले होते की घरी गॅस पेटवतानाही तोंडातून निघायचं. त्या सकाळी मात्र निघालं नाही. मी मान झटकून मुखवटा खाली पाडला आणि रॉड टेकवला.

थोड्या वेळाने मुखवटा वर केला, तर समोरच्या शिडीवर एक माणूस उभा. कानामागे पेन्सिल, गळ्यात दोराचं वेटोळं, आणि डोळे सताड उघडे.

“तू ओरडली नाहीस,” तो म्हणाला.

“तू बघत होतास.”

“हो... बघतच होतो.”

एवढं बोलून तो खाली उतरला. कुणीतरी सांगितलं, तो डेयान, क्रेनला ओझी बांधणाऱ्या रिगरांच्या फिरत्या टोळीतला, आमच्याकडे नुकताच आलेला. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे भाजतात, पण त्या दुखण्याची खोड अशी की ते लगेच येत नाही. दिवसभर माणूस हसतखेळत असतो, आणि संध्याकाळी कुणीतरी पापण्यांखाली वाळू भरावी तसे डोळे पेटतात. दुसऱ्या दिवशी डेयान कामावर आला नाही.

मी का ओरडले नाही, ते सांगते. त्या सकाळी माझं मन वर्कशॉपमध्ये नव्हतंच. मला बंदराच्या कार्यालयात नोकरी मिळत होती. काचेच्या खिडकीशी खुर्ची, समोर समुद्र, आणि कुठलं जहाज कधी आत घ्यायचं ते बघायचं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझी शिकाऊ वेल्डरची उमेदवारी संपायला फक्त सात महिने उरले होते आणि ती अर्धवट टाकून जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. मला कुणी छळलं नव्हतं. काम हाताला चांगलं येत होतं. पण येतं म्हणून करत होते, इतकंच. ते आवडतं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

शिवाय ठशाची गोष्ट होती. उमेदवारी पूर्ण केलेल्या प्रत्येक वेल्डरला युनियनच्या साक्षीने एक पोलादी ठसा मिळतो, त्यावर त्याचा स्वतःचा नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी तो हातोडीने ठोकायचा. शिकाऊ माणसाच्या जोडाशेजारी त्याच्या वरिष्ठाचा ठसा पडतो. माझ्या चार वर्षांच्या सगळ्या कामावर नोरीनचा नंबर होता. माझी कुठेच काही खूण नसल्यामुळे निघून जाणं सोपं वाटत होतं.

नोरीन आमची मुकादम आणि युनियनची प्रतिनिधीही. साठीची, काटक बाई. तिने मला बोलावलं आणि वर्कशॉपचा रिवाज सांगितला. ज्याने दुसऱ्याचे डोळे भाजले, त्याने बटाटे घेऊन त्याच्या घरी जायचं. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात आणि बटाट्यांना हसतात, पण गार बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवणं आमच्याकडे डॉक्टरांच्या आधीपासून चालत आलं आहे. कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत, स्वतः न्यायचे.

“आणि पिशवीभर ने,” नोरीन म्हणाली. “दोनच नेलेस तर युनियनची अब्रू जाईल.”

शिफ्ट सुटल्यावर मी पिशवी घेऊन क्रिंगिला वस्तीचा चढ चढले. डेयानचं घर शोधावं लागलं नाही, कारण गल्लीभर भाजल्या मिरच्यांचा वास सुटला होता आणि तो त्यांच्याच अंगणातून येत होता. हिवाळ्यासाठी चटणी करून ठेवायचा तो हंगाम होता. उभ्या कापलेल्या एका पिंपात निखारे घालून डेयानचे वडील, रिस्तो, लाल ढब्बू मिरच्या परतत होते. पिंपाचा एक पाय तुटला होता आणि त्याखाली वीट लावली होती. तुटलेला जोड मी बघितला. फार वाईट होता.

रिस्तोंनी पिशवीत डोकावून पाहिलं. “डोळ्यांना, की तळायला?”

“दोन्हींना पुरतील,” मी म्हणाले. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मला चाकू दिला आणि पडवीकडे बोट केलं.

पडवीत द्राक्षाच्या वेलाखाली डेयान खाटेवर उताणा पडला होता. डोळ्यांवर ओलं फडकं होतं. मी ते काढून चकत्या ठेवल्या. त्याच्या कपाळाला माझा हात लागला, तसा तो जरा दचकला.

“कोण?”

“बटाटेवाली.”

“म्हणजे मला आंधळं करणारी.”

मी म्हणाले, इतकी वर्षं या कामात आहेस, उजेडाकडे बघायचं नसतं हे तुला अजून शिकवायला हवं का? तो म्हणाला, शिकवायला येणार असशील तर हवं. मग विचारलं, “दिसतेस कशी?”

“पाहिलंस की काल.”

“काल मुखवटा पाहिला. मग तू तो वर केलास आणि मला नुसते हिरवे ठिपके दिसले.”

“मग तेच माझं रूप. नीट लक्षात ठेव.”

तो हसला, आणि हसताना एक चकती गालावर घसरली. ती मी जागेवर ठेवली. हे दोनतीनदा झालं. प्रत्येक वेळी ती खरंच आपोआप घसरली असेल, असं मला वाटत नाही.

मी उठायला हवं होतं. पण समोरचा माणूस आपल्याकडे बघत नसला की बोलणं फार सोपं होतं. जे मी आईला सांगितलं नव्हतं, नोरीनला सांगितलं नव्हतं, ते मी या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. बंदराची नोकरी, शुक्रवार, उरलेले सात महिने, सगळं. तो ऐकत राहिला. अंगणात मिरच्यांची सालं तडतडत होती.

मग तो म्हणाला की त्यालाही एक सांगायचंय. त्याचं काम कानांत आकडे अडकवायचं. ओझं वर गेलं की त्याचा आणि इतरांचा जीव त्या कानांवर असतो, म्हणून तो प्रत्येक जोड बोटांनी चाचपून बघतो. गेलं वर्षभर बाहेरच्या कामांवर त्याच्या हाती येणारे आमच्या वर्कशॉपचे काही कान वेगळे लागत होते. इतर लोक कोपऱ्याशी येऊन थांबतात. या कानांवर मात्र जोड कोपऱ्यावरून वळून थोडा पुढे जायचा, मग संपायचा.

“ठसा नोरीनचा असायचा,” तो म्हणाला. “पण नोरीनचा हात असा वळत नाही. मला कळेना, हे कोण करतंय... काल ते बघायला शिडीवर चढलो.”

“म्हणजे मुद्दाम बघत होतास.”

“मुद्दाम. फक्त मुखवटा वर होईपर्यंत दम धरायला हवा होता.”

मला बरं वाटलं. चार वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचा रागही आला, कारण मी जायचं ठरवत आणलं होतं आणि त्यात हे बसत नव्हतं. मी जरा तुटकपणेच विचारलं, “आता राहा म्हणशील, नाही का?”

“मी कोण सांगणारा? मला तर तू दिसतसुद्धा नाहीस.”

निघताना रिस्तोंनी माझ्या हातात चटणीची गरम बाटली ठेवली. घरी ती मी पावाबरोबर खाल्ली, आणि बंदराच्या खिडकीचा विचार करायचं ठरवून बसले. विचार काही झाला नाही.

शुक्रवारी टाकी उचलायची होती. डेयान काळा चष्मा लावून आला होता. त्याने एकेका कानात आकडा अडकवला, माझ्याकडे बघितलं नाही, पण शेवटच्या कानावर तळहाताने हलकीशी थाप मारली. मग बाजूला होऊन हात वर केला आणि क्रेनने ताण घेतला.

टाकी वीतभर उचलली गेल्यावर तो नेहमी थांबवतो. काही करत नाही, नुसता ऐकतो. सगळं वर्कशॉप गप्प होतं. ते अगडबंब धूड माझ्या जोडांवर लोंबकळत होतं. या कामाचं मला काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती. मग हात घामाने का भिजले होते? ती भीती कानांसाठी होती की टाकीशेजारच्या माणसासाठी, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. डेयानने बोट वर फिरवलं. टाकी शांतपणे वर गेली.

मी वर्कशॉपच्या मागे जाऊन बंदराला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. हातातलं काम पुरं व्हायचंय, असं मी म्हणाले. खिडकीतून समुद्र खरंच छान दिसतो, असं त्या हळहळून म्हणाल्या. मला ते माहीत होतं.

दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडून गार झोत आला आणि पाठोपाठ आडवा पाऊस. आम्ही दोघं एकाच पत्र्याखाली येऊन उभे राहिलो. मी त्याला फोनचं सांगितलं. त्याने चष्मा काढला. डोळे अजून लाल होते, पण आता त्यांना मी दिसत होते, आणि तो बराच वेळ बघत राहिला.

“हिरवे ठिपके बरे होते,” मी म्हणाले.

“नाही... हे बरं आहे.” मग तो पावसाकडे बघत म्हणाला की त्यांच्या टोळीचं इथलं काम संपलं. सोमवारी ते वर उत्तरेत ग्लॅडस्टनला निघणार होते, तिकडे वर्षअखेरपर्यंतचं काम होतं. “तिकडे बिनठशाच्या वेल्डरलाही घेतात. पण ये म्हणणार नाही मी.”

“म्हणू नकोस. आत्ताच कुठे राहायचं ठरवलंय.”

“म्हणूनच तर.”

त्याने माझ्या बाहीवर पडलेलं पाणी बोटाने निपटलं. बाही चामड्याची होती, मला काही जाणवायला नको होतं. पण जाणवलं, आणि तो गेल्यावर आठवडाभर मला काहीच गोड लागलं नाही.

मग फोन सुरू झाले. प्रेमाचं बोलायचं सोडून तो तिकडच्या कानांना नावं ठेवायचा. मी त्याला सांगायचे की आज डोक्यावरचा जोड करताना ठिणगी कॉलरमधून थेट आत गेली. ठिणगी कुठपर्यंत गेली, हे तो फार काळजीने विचारायचा. मी फोन ठेवून द्यायचे. हिवाळ्यात एकदा माझा परीक्षेचा जोड कापून वाकवला, तर तो तडकला. त्या दिवशी खिडकीतला समुद्र पुन्हा आठवला. डेयान नुसता म्हणाला, उद्या परत कर. मी केला.

सप्टेंबरच्या अखेरीस उमेदवारी पुरी झाली. रिवाजाप्रमाणे मला कपड्यांसकट पाण्याच्या हौदात बुडवलं, आणि नोरीनने ओल्या हातात ठसा ठेवला. माझ्या जोडांशेजारी आता तिचा नाही, माझा नंबर पडणार होता. मग ती नाक शिंकरत निघून गेली.

त्या शनिवारी मी छोटं मशीन गाडीत घालून क्रिंगिलाला गेले. पिंपाखाली वीट तशीच होती. रिस्तोंनी म्हणे दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि पडवीत डेयान बसला होता. काम लवकर संपलं, एवढंच तो म्हणाला. मी मान डोलावली. पिंप आडवं केलं, पाय टेकवला आणि ओरडले, “डोळे!”

बापलेक दोघंही निमूटपणे तोंड फिरवून कुंपणाकडे बघत उभे राहिले. मी रॉड टेकवला.

“टॅम्सिन,” डेयान कुंपणाला म्हणाला, “मी परत वर जाणार नाहीये. इथल्या टोळीत जागा आहे... पण जागा आहे म्हणून नाही आलो. तुझ्यासाठी आलोय. मला तू आवडतेस. कोण आहेस हे कळायच्या आधीपासून.”

मी जोडाच्या मध्यावर होते. तिथे हात उचलता येत नाही, उचलला तर नेमका तिथेच तडा जातो. मुखवट्याच्या आत माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसताही येत नव्हते.

“ऐकू आलं का तिला?” त्याने हळूच विचारलं.

“आधी तिचं पुरं होऊ दे,” रिस्तो म्हणाले.

मी कोपऱ्यापर्यंत आले, वळले, थोडी पुढे गेले आणि रॉड उचलला. मुखवटा वर करून म्हणाले, “झालं. वळ आता.”

तो वळला, पण डोळे घट्ट मिटलेले. या वेळी दम धरतोय, म्हणाला. मी जवळ गेले आणि हातमोजा काढून त्याच्या पापण्यांवर बोटं ठेवली.

“उघड,” मी म्हणाले. “मलाही आवडतोस.”

जोड निवल्यावर मी त्याच्याशेजारी ठसा धरला आणि हातोडी मारली. रिस्तोंनी अंगठ्याने नंबर चाचपला आणि कुणाचा म्हणून विचारलं. माझा, मी सांगितलं. त्यांनी पिंप उभं केलं, हलवून पाहिलं, वीट उचलून कुंपणापाशी ठेवली आणि निखाऱ्यांवर भाजायला बटाटे आणायला आत गेले.