पुन्हा यायची पिशवी

तो पहिल्यांदा आला तो वाट चुकून. स्कूटरवर पायांशी माशांची फुगलेली पिशवी. बांधापलीकडचं तळं कुठून जायचं, एवढंच त्याने विचारलं. तिने वाट दाखवली… आणि वर्षभर स्वतःच्या त्या बोटाला दूषणं दिली. कारण पलीकडचं तळं मामेबहिणीचं, आणि मामेबहीण दिसायला लाखात एक.

तिच्या घरची वीटभट्टी बंद पडल्यापासून मातीच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. त्यात मासे वाढवले तर शहरात ओझी उचलणारा तिचा दादा घरी परतणार होता. माशांचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हाच बीजवाला आणून द्यायचा. पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच उघडायची, असं त्याने बजावलं होतं. पण हा पठ्ठ्या तिची पिशवी तरंगत ठेवायचा आणि निघायचा पलीकडे! तिकडे तोंडाचा पट्टा चालू, इकडे आला की तोंडाला कुलूप.

आजही पलीकडून दोघांचं हसणं ऐकू आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, असं पुटपुटत तिने प्रवासात तापलेल्या दोन पिशव्यांपैकी एक तशीच फोडली आणि गार पाण्यात ओतली.

पिल्लं पटापट आडवी झाली. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून रडायला लागली. तिची हाक न येताच तो धावत आला, चपलांसकट पाण्यात उतरला आणि ओंजळीने पाणी हलवत राहिला. काही पिल्लं सावरली, काही नाहीच सावरली.

“राग माझ्यावर होता ना?” त्याने विचारलं.

“तिच्याकडे तासन्‌तास हसता. माझी पिशवी टाकून पळता.”

त्याने दुसरी पिशवी पाण्यात तरंगत धरली. “बाकी सगळ्यांकडे एकदाच जातो मी,” तो हळूच म्हणाला. “तुमच्याकडे पिशवी तरंगत ठेवून गेलं, की… ती उघडायला पुन्हा यायला मिळतं.”

“हे आधी सांगता येत नव्हतं?”

“तुमच्यासमोर तोंड कुठे उघडतं माझं?”

तेवढ्यात बांधापलीकडून मामेबहिणीची हाक आली, “अहो, चहा गार होतोय!”

तिने पिशवीला हात लावून पाहिला. पाणी एव्हाना सारखं झालं होतं.

“त्यांना वेळ लागेल गं, ताई,” तिने ओरडून सांगितलं. “पिशवी अजून तापलेलीच आहे.”