ब्रदर आन्सेल्मचं पान

मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक झालेले गुरुदत्त सबनीस निवृत्त झाले, तरी त्यांच्यातला इंजिनिअर काही निवृत्त झाला नव्हता. शहराबाहेरच्या एका बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाच्या मनोऱ्याला तडा गेलाय असं कळलं, आणि २००९च्या फेब्रुवारीत स्वारी बर्फातून निघालीसुद्धा. सुनंदाबाईंनी दारातच बजावलं, "अहो, इन्सुलिन घेतलंत की लगेच जेवायचं. मागच्यासारखी शुगर लो झाली, तर तिथे कोण आहे?"

तडा बघेपर्यंत दुपार झाली. वॉशरूममध्ये सुई टोचून ते भोजनगृहात शिरले, तर जेवणं सुरू झालेली. मठात जेवताना बोलायचं नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. टेबलाशी एकच जागा रिकामी होती. पान वाढलेलं, सूप वाफाळतंय, पुढ्यात लहानसा लाकडी क्रूस. पाहुण्याचा काय मान ठेवतात, असं म्हणत गुरुदत्त खुशाल बसले. समोरच्या म्हाताऱ्या साधूने हात अर्धवट उचलला, पण नियम आड आला.

वाचन मठाच्या इतिहासाचं होतं. कामचलाऊ फ्रेंचमध्ये त्यांना कळलं ते इतकंच: आधी मठ आला, मग लाकडाची गिरणी, मग गाव. एका हिवाळ्यात गिरणी जळाली, गाव उपाशी पडलं, तेव्हा सगळ्यांना याच टेबलावर जेवू घातलं. तेव्हापासून इथे कुणाला उपाशी ठेवत नाहीत.

पाठीशी कुणीतरी उभं होतं. मानेला गार श्वास लागत होता, ओल्या मातीचा वास येत होता. गुरुदत्त वळले. मागे नुसती भिंत होती.

जेवण झाल्यावर समोरच्या त्या साधूने, फादर ल्युसियाँनी, त्यांना बाजूला घेतलं. "मस्यु... ती जागा ब्रदर आन्सेल्मची. गेल्या आठवड्यात वारले. महिनाभर आम्ही त्यांचं पान वाढतो, मग ते अन्न गरिबाला देतो."

"म्हणजे मी... मेलेल्या माणसाचं जेवलो?"

"त्यांना राग नाही येणार." फादर घुटमळले. "फक्त... भूक फार होती हो त्यांना. शेवटी शेवटी घास गिळता येईना..."

गुरुदत्त तडक गाडीत बसले. बर्फातून घरी पोचेपर्यंत रात्र झाली. बायकोला सांगितलं असतं तर तिचीच समजूत काढत बसावं लागलं असतं, म्हणून काही सांगितलं नाही. इन्सुलिन घेतलं, बराच वेळ चोळून चोळून हात धुतले आणि टेबलाशी आले.

ताट चाटूनपुसून स्वच्छ. वाटीत आमटीचा थेंब नाही.

"अगं... माझं जेवण?"

सुनंदाबाई पाठमोऱ्या भांडी विसळत होत्या. "चेष्टा पुरे! आत्ताच तर तीनदा भात घेतलात."

"मी नाही जेवलो... सुनंदा, साखर दे."

त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळाला घाम फुटला. पुन्हा तोच ओल्या मातीचा वास आला. सुनंदाबाई भाताचं पातेलं घेऊन वळल्या. कौतुकाने हसत होत्या, पण गुरुदत्तांकडे बघून नाही. त्यांच्या खांद्यामागच्या खुर्चीकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, अजून वाढू?"