आपा कुणासाठी मागत होती

हे खरं घडलंय. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावं, मी भांडायला येणार नाही. माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. ज्याच्या शब्दावर विसंबून लोक रोज दोराला लटकत वर-खाली करतात, तो माणूस थापा मारत नाही, एवढंच मला माहीत.

आणखी एक. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. गॅलरीत ऊन असताना.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या छोट्याशा घरात तिघं राहायची. मामा, मामी आणि माझी थोरली मावशी. तिला आम्ही सगळे आपाच म्हणायचो. त्यांचे आईवडील लवकर गेले, तेव्हा मामा शाळेतही जात नव्हता. आपानेच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. मामा पन्नाशीला आला तरी तिच्यासाठी तो 'धाकटा'च होता.

आपाच्या तोंडात एकच शब्द. अस्तगफिरुल्लाह. म्हणजे, अल्लाह, मला माफ कर. दूध उतू गेलं, अस्तगफिरुल्लाह. दार जोरात लागलं, अस्तगफिरुल्लाह. नमाज झाली की हातात तसबीह घ्यायची आणि एकेक मणी सरकवत तेच म्हणत राहायची.

मामा चिडवायचा, "आपा, आत्ता तर झोपेतून उठलीस. झोपेत कुणाचं काय बिघडवलंस?"

"काय बिघडवलं ते कळतं तेव्हा सोपं असतं रे धाकट्या," ती म्हणायची. "न कळता होतं ना, त्याची भीती."

थंडीत ती गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स.

मामीने तिची खोली आवरली. जानमाज, म्हणजे तिची नमाज पढायची चटई, घडी करून कपाटात ठेवली. तसबीह तिच्यावर. खोलीचं दार लोटून घेतलं.

उन्हाळा लागला होता. एका गुरुवारी मामाचं काम लवकर आटोपलं. तो घरी आला, तेव्हा असरच्या, म्हणजे उन्हं कलल्यावरच्या नमाजेची वेळ होत आली होती. चपला काढल्या. मोरीत जाऊन हातपाय धुतले. नळ बंद केला...

आणि त्याला ऐकू आलं.

टिक...

टिक...

टिक...

मण्यावर मणी पडल्याचा आवाज. आपाच्या खोलीतून.

मामाला वाटलं, मामी असेल. त्याने हाक मारली, "अगं, पाणी दे जरा."

टिकटिक थांबली.



मग अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात... अस्तगफिरुल्लाह...

तेवढ्यात पुढच्या दाराला किल्ली लागली. मामी भाजीची पिशवी घेऊन आत आली.

"अहो, आज लवकर? असे भुतासारखे का उभे आहात?"

मामाने आपाच्या खोलीचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. खिडकी बंद. पलंगावर चादर तशीच ताठ.

पण जमिनीवर जानमाज अंथरलेली होती.

मामी म्हणाली, "मी कपाटात ठेवली होती..."

मामा खाली बसला. त्याने जानमाजेवर हात फिरवला. जिथे कपाळ टेकतात, ती जागा ओली होती.

कोमट ओली.

पुढे जवळजवळ रोजच. तीच वेळ, तीच टिकटिक. मामीला मात्र काहीच ऐकू यायचं नाही. ती जानमाज कपाटात ठेवायची, कपाटाला कुलूप लावायची. दुसऱ्या दिवशी कुलूप जागच्या जागी, आणि जानमाज जमिनीवर. मामी घाबरट नाही, पण तिनेही त्या खोलीत जाणं सोडलं.

मामा मशिदीतल्या मौलानांकडे गेला. मौलाना म्हातारे, आपाला ओळखणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गेलेल्या माणसाला स्वतःसाठी काही करता येत नाही," ते म्हणाले. "तिच्या नावाने तू माफी माग. तिने कुणाला दुखावलं असेल तर त्या माणसाला शोध. माणसाचं मन दुखावलं असेल ना बेटा, तर आधी त्या माणसाने माफ करावं लागतं. मगच वरचं दार उघडतं."

मामाने सगळं केलं. आपाचं ज्यांच्याशी कधी वाजलं होतं, त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. भांडलेली शेजारीण रडत म्हणाली, "अरे, तिने तर त्याच संध्याकाळी माझी माफी मागितली होती."

आपाने मागे कुणाचीच माफी बाकी ठेवली नव्हती.

मग ती मागत होती ती माफी कशाची?

एक दिवस मामाने धीर केला. दाराला कान लावून उभा राहिला. आत मणी सरकत होते. मधेच नाक ओढल्याचा आवाज. आपा रडताना असंच नाक ओढायची. आणि त्या पुटपुटण्यात त्याला पहिल्यांदाच पुढचे शब्द लागले...

"त्याला माफ कर... माझ्या धाकट्याला माफ कर... त्याच्या हातून होणार आहे..."

मामाने कान दाराला आणखी दाबून धरला.

"...आणि त्याला कळणारही नाही."

त्याने दार उघडलं. रिकामी खोली. ओली जानमाज.

"आपा!" तो ओरडला. "काय होणार आहे? सांग ना!"



मग कपाटाच्या आतून, भिंतीतून, कुठून ते कळेना... टिकटिकटिकटिक... आधीपेक्षा भरभर.

तिथून मामाचं जगणं बदललं. एकदा घट्ट केलेला बोल्ट तो पुन्हा खाली उतरून पाहायचा. दुरुस्त झालेली लिफ्ट लोकांना द्यायच्या आधी स्वतः वर-खाली करायचा. रस्ता ओलांडताना मुंगीसुद्धा चुकवायचा. जुन्या भागीदाराला फोन केला, वॉचमनची माफी मागितली, दूधवाल्याची मागितली.

मामी म्हणाली, "निवडणुकीला उभे राहताय का? अख्ख्या गल्लीला हात जोडत फिरताय."

मामा हसला नाही. तो सुकत चालला होता.

एकदा एका दवाखान्याच्या इमारतीत, मशीनच्या खोलीत, त्याला ब्रेकची पट्टी पार झिजलेली दिसली. अजून थोडे दिवस गेले असते, तर भरलेली लिफ्ट खाली कोसळली असती. ती पट्टी हातात घेऊन मामा तिथेच मटकन बसला. हेच ते! हेच होणार होतं, आणि आपण थांबवलं! त्याने ब्रेक बदलला. घरी येताना मामीसाठी फुलं आणली, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

दार उघडलं.

टिक... टिक... टिक...

आणि आपा हुंदके देत होती. इतक्या मोठ्याने, की त्या दिवशी मामीच्याही अंगावर काटा आला. "मांजर आहे का हो कुठे?" तिने विचारलं.

फुलं पिशवीतच राहिली.

मग आला तो सोमवार.

मामा नेहमीच्या वेळेला घरी आला. हातपाय धुतले. नळ बंद केला. कान देऊन उभा राहिला...

काहीच नाही.

पंख्याची घरघर. खाली कुणाची तरी सायकल.

त्याने खोलीचं दार उघडलं. जमीन मोकळी. कपाटाला कुलूप. उघडलं तर जानमाज आत, घडी केलेली, कोरडी. वर तसबीह, वेटोळं घालून ठेवलेली.

मामीने छातीवर हात ठेवला. "सुटलो बाई! शांत झाली आपा."

मामा पलंगाच्या कडेला बसला. 

"आज मी काय केलं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती मागायची थांबली. एक तर माफी मिळाली... नाहीतर होणारं होऊन गेलं."

ती अख्खी संध्याकाळ त्याने दिवस उलगडण्यात घालवली. सकाळी एका इमारतीत लिफ्ट बंद ठेवली होती, लोक जिन्याने गेले. त्यात कुणी थकलेलं होतं का? एक म्हातारा पत्ता विचारत होता, त्याला डावीकडे पाठवलं. डावीकडेच होतं ना ते? त्याच इमारतीच्या जिन्यात एक बाई काहीतरी विचारायला थांबली होती. मामा फोनवर होता. त्याने नुसताच हात हलवला, 'नंतर' म्हणून. ती खाली उतरून गेली.

काय विचारायचं होतं तिला?

दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे फिरला. इमारतीत सगळे ठीक होते. म्हाताऱ्याचा पत्ता बरोबर निघाला. त्या बाईला मात्र कुणीच ओळखत नव्हतं. "आमच्याकडे अशी कुणी राहत नाही," वॉचमन म्हणाला. "पण कालपासून दोघं जण तिला शोधत येऊन गेले."

कोण दोघं, का शोधत होते, ते वॉचमनने विचारलं नव्हतं. ते पुन्हा आले नाहीत. कदाचित बाई घरी सुखरूप पोहोचली असेल. कदाचित या सगळ्याशी तिचा काही संबंधच नसेल. मामाला आजवर कळलेलं नाही.

आपाचा आवाज पुन्हा कधी आला नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. असरची वेळ होती. आपाच्या खोलीत, आपाच्या जानमाजेवर मामा बसला होता. मणी सरकवत होता. ओठ हलत होते. तो उठला, तेव्हा कपाळाच्या जागी ओल होती.

मी विचारलं, "मामा, कशाची माफी मागतोस रोज?"

त्याने तसबीह कपाटात ठेवली. 

"माहीत असतं," तो म्हणाला, "तर आधी त्या माणसाकडे नसतो का गेलो?"

तेव्हापासून उन्हं कलली की मी माझ्या घरात टीव्ही बंद करते आणि कान देऊन बसते. माझ्यासाठी कुणी असं मागतंय का, ते ऐकायला. सगळं शांत असतं.

या शांततेने हायसं वाटावं की भीती वाटावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही...